उच्च रक्तदाब: नागपूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

बीपीबद्दल नागपूर आणि आसपासच्या लोकांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गोळ्यांची नावं आणि डोस दिले आहेत ते तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय हे कळावं म्हणून. ते वाचून स्वतःची गोळी वाढवू, कमी करू किंवा बंद करू नका.

१. बीपी किती असला की 'हाय बीपी' म्हणायचं?

दवाखान्यात नीट मोजलेला वरचा आकडा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त, आणि तोही किमान दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही आकडे वाढलेले असण्याची गरज नाही, एक पुरतो. घरी शांतपणे मोजलेल्या बीपीसाठी मर्यादा थोडी खाली आहे: सरासरी १३५/८५. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० लाच उच्च रक्तदाब म्हणतात, त्यामुळे मोबाइलवर वाचलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जुळत नाही. भारतात निदान बहुतेक ठिकाणी १४०/९० वरच होतं. १३० ते १३९ च्या मधले लोक मात्र निश्चिंत नसावेत. त्यांनी मीठ, वजन आणि तंबाखूकडे आत्ताच बघावं आणि निदान वर्षातून एकदा तपासून घ्यावं.

पहिल्याच भेटीत १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टर दुसऱ्या भेटीची वाट न पाहता उपचार सुरू करू शकतात.

२. वरचा १६० आणि खालचा ७० आहे. खालचा चांगलाच आहे ना, मग काळजी कशाची?

काळजी वरच्याची. हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिनीत जो दाब येतो तो वरचा आकडा, दोन ठोक्यांच्या मधला तो खालचा. साठीनंतर मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यामुळे वरचा चढतो आणि खालचा उतरतो. म्हाताऱ्या माणसांत हा प्रकार सर्रास दिसतो, आणि लकवा व हृदय कमजोर होण्याचा धोका या वरच्या आकड्यावरून जास्त कळतो. 'वयाप्रमाणे १०० मध्ये वय मिळवायचं' हा जुना हिशेब अजून ऐकू येतो. तो सोडून द्या. सत्तरीतल्या माणसाचा १७० हा आजारच आहे.

३. मला काहीच त्रास होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मग गोळी कशाला?

कारण बीपी जाणवत नाही, मोजावाच लागतो. १७० बीपी घेऊन माणूस वर्षानुवर्षं व्यवस्थित कामावर जातो. त्याच काळात हृदयाची भिंत जाड होते, किडनीच्या बारीक चाळण्या खराब होतात, डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बदलतात. उलटही खरं आहे: डोकं दुखलं, मान भरून आली म्हणजे बीपी वाढलाच असं नसतं. 'मला बीपी वाढला की कळतं' म्हणत, दुखेल त्या दिवशीच गोळी घेणाऱ्यांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. त्यांची गोळी त्यांच्या बीपीच्या मागे न जाता डोकेदुखीच्या मागे जाते.

४. घरी बीपी मोजायची बरोबर पद्धत काय?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. चुकीच्या मोजमापावर कित्येकांना नको ती गोळी लागते आणि कित्येकांची हवी ती राहून जाते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), सिगारेट, व्यायाम आणि जेवण नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. मग पाच मिनिटं नुसतं बसा. टीव्ही आणि मोबाइल बंद. कफ उघड्या दंडावर, त्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूला. शर्टाची बाही वर गुंडाळली तर ती दंडाला आवळते, म्हणून हात बाहीतून काढा किंवा सैल कपडा घाला. हात टेबलावर असा ठेवा की कफ छातीच्या मध्याच्या उंचीवर येईल. एका मिनिटाच्या अंतरानं दोन रीडिंग घ्या आणि दोन्ही लिहा. आवडलेलं एकच लिहू नका.

काय चुकतं आणि कितीनं चुकतं, तेही लक्षात घ्या. मोजताना बोललं, हात खाली लटकता राहिला किंवा लघवी तुंबलेली असली, तर प्रत्येक कारणानं आकडा साधारण १० नं वाढू शकतो. पायावर पाय असेल तर २ ते ८, पाठ टेकलेली नसेल तर पाच-सहा. आपल्या घरांत बहुतेक जण दिवाणावर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, शेजारच्याशी बोलत मोजतात. १३२ चा १५० तिथेच होतो.

किती दिवस? निदानासाठी किंवा गोळी बदलल्यावर सात दिवस: सकाळी उठून लघवी झाल्यावर, गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, रात्री झोपण्याआधी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. बीपी आटोक्यात आल्यावर रोज मोजायची गरज नाही, आठवड्यातून एक-दोन दिवस पुरे.

५. मशीन कोणती घ्यावी? मनगटावरची चालेल का?

दंडावर कफ बांधायची, आपोआप फुगणारी डिजिटल मशीन घ्या. मनगटावरची मशीन हात हृदयाच्या उंचीवर नेमका नसला की चुकते. मोबाइल ॲप किंवा बोटात अडकवायच्या यंत्रांवर निदान करू नका. मॉडेलची वैद्यकीय पडताळणी झाली आहे का, हे 'स्ट्राइड बीपी' या यादीत बघता येतं.

कंपनीपेक्षा कफचं माप जास्त महत्त्वाचं. दंडाच्या मध्यावर टेपनं घेर मोजा. साधारण कफ २२ ते ३२ सेंटिमीटरला चालतो, त्यापेक्षा जाड दंडाला मोठा कफ लागतो आणि तो बहुतेक वेळा वेगळा मागवावा लागतो. जाड दंडावर लहान कफ बांधला की बीपी खोटा जास्त येतो. बारीक म्हाताऱ्या माणसाच्या दंडावर मोठा कफ बांधला तर खोटा कमी येतो.

वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा. सेल उतरले की काही मशीन आकडे तर दाखवतात, पण कफ नीट फुगत नाही.

६. दहा मिनिटांत तीनदा मोजला, तीन वेगळे आकडे आले. मशीन खराब आहे का?

बहुतेक नाही. बीपी प्रत्येक ठोक्याला थोडा बदलतो, ५ ते १० चा फरक नेहमीचाच. पहिलं रीडिंग सहसा सगळ्यात जास्त येतं. मात्र नाडी अनियमित चालत असेल (मशीनवर तसं चिन्ह येतं), तर डिजिटल मशीनचे आकडे फार वरखाली होतात. अशा वेळी तीन रीडिंगची सरासरी धरा आणि ईसीजी काढून घ्या. हृदयाचे ठोके अनियमित होणं हे स्वतःच लकव्याचं एक कारण आहे.

घाबरून पुन्हा पुन्हा मोजू नका. दहाव्या वेळी येणारा आकडा तुमच्या घाबरण्याचा असतो.

७. दवाखान्यात १६०, घरी १२५. खरा कोणता?

घरचा प्रश्न ४ प्रमाणे मोजला असेल तर घरचा. पुष्कळ लोकांचा बीपी दवाखान्यातच चढतो. अशांना लगेच गोळी लागतेच असं नाही, पण पुढे खरा बीपी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून पाठपुरावा सोडू नका.

याच्या उलट प्रकार जास्त फसवा आहे: दवाखान्यात १२८ आणि घरी किंवा कामावर १४५. रात्रपाळी करणारे, तंबाखू खाणारे, मधुमेह असलेले लोक यात सापडतात. संशय असेल तर डॉक्टर २४ तासांची बीपी तपासणी सुचवतात. कमरेला छोटं यंत्र असतं, ते दिवसा साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी आणि झोपेतही बीपी घेतं. २४ तासांची सरासरी १३०/८० किंवा जास्त, अथवा झोपेतली १२०/७० किंवा जास्त असेल तर तो उच्च रक्तदाब.

८. डाव्या हातात १३०, उजव्यात १४८. कोणता धरायचा?

जास्तीचा, आणि पुढे कायम त्याच हातात मोजायचा. म्हणूनच पहिल्या भेटीत दोन्ही हातांत मोजायला सांगा. फरक पुन्हा पुन्हा १५ ते २० च्या वर येत असेल तर कमी आकड्याच्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते, ती तपासावी लागते. अचानक छाती-पाठीत फाडल्यासारखी कळ येऊन असा फरक दिसला तर तडक मोठ्या दवाखान्यात जा.

९. निदान झालं. आता कोणत्या तपासण्या खरंच लागतात?

लघवी (प्रोटीन किंवा अल्ब्युमिन), रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते), सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी. एवढ्यावर सुरुवात होते. डोळ्यांचा पडदा एकदा तपासून घ्या, मधुमेह असेल तर नक्कीच. इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळ्यांना लागत नाही. ईसीजीत बदल, धाप किंवा पायावर सूज असेल तर लागतो. मोठमोठी 'फुल बॉडी' पॅकेजं घेण्याआधी हे बघा की त्यात लघवीचं अल्ब्युमिन आहे का. सगळ्यात उपयोगाची ती स्वस्त तपासणी पुष्कळदा त्यातच नसते.

१०. वय फक्त २९ आहे. इतक्या लवकर बीपी का?

वजन, तंबाखू, दारू आणि घराण्यातला बीपी ही कारणं तरुणांतही असतात. पण तिशीच्या आत बीपी निघाला, किंवा तो एकदम खूप वर गेला, तर मागे दुसरा आजार आहे का हे शोधावंच लागतं. किडनीचा आजार सगळ्यात आधी. पोटॅशियम कमी निघालं तर किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक) जास्त येतंय का, ते बघतात. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. थायरॉइड. घाम, धडधड आणि डोकेदुखी एकदमच झटक्यानं येणं. पायातली नाडी हाताच्या मानानं क्षीण लागणं, म्हणजे जन्मजात महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असणं. तरुण रुग्णाच्या पायातली नाडी बघायला अर्धं मिनिट लागतं, बघितली नसेल तर तसं बोलून दाखवा. आणि प्रश्न ११ वाचा, कारण तरुणांत तेही पुष्कळदा सापडतं.

११. दुसऱ्या औषधांनी बीपी वाढतो का?

हो, आणि हे कुणी विचारत नाही म्हणून राहून जातं. गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात, शरीरात पाणी-मीठ धरून ठेवतात आणि बीपीच्या गोळीचा परिणामही घटवतात. टेल्मिसार्टन (बीपीची एक गोळी), पाण्याची गोळी (लघवी वाढवणारी) आणि असली दुखण्याची गोळी तिन्ही एकत्र घेतली तर किडनीला धक्का बसू शकतो, त्यात जुलाब किंवा ऊन लागलं असेल तर अधिकच. दुखण्यासाठी आधी साधं पॅरासिटामॉल घ्या, पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळीत मात्र सोडियम भरपूर असतं.

नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या (फेनिलेफ्रिन असलेल्या), स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, तसंच वजन वाढवण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या पावडरी आणि गोळ्या यांचंही तेच. खोकल्यासाठी रोज तोंडात धरलेलं ज्येष्ठमध यादीत बघून लोक चकित होतात. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतो. गॅससाठी रोज घेतल्या जाणाऱ्या फ्रूट सॉल्टच्या एका पुडीत जवळपास २ ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं.

१२. मीठ किती? सैंधव चालतं ना? आणि सावजी कायमचं सोडायचं का?

दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. घरात किती जातंय ते असं मोजा: चार जणांच्या घरात किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर नुसतं स्वयंपाकघरातून चाललंय. बाहेरचं वेगळं. चार जणांसाठी महिन्याला ६०० ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, तीही बाहेरचं धरून.

सैंधव, काळं मीठ, समुद्री मीठ हे सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यात सूट नाही. कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं आणि बहुतेकांना त्याचा फायदा होतो. पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके थांबू शकतात.

सावजी महिन्यातून एकदा खाल्ल्यानं बीपी बिघडत नाही. बिघडतो तो रोजच्या गोष्टींनी: सकाळी तर्री-पोह्यांवर मूठभर शेव, जेवणात लोणचं, पापड, ठेचा, संध्याकाळी चिवडा. तिखटानं बीपी वाढत नाही, त्यासोबत जाणाऱ्या मिठानं वाढतो. बाहेर खाल्लंच तर रस्सा वाटीभर वरून ओतू नका, तुकडे खा. घरी उन्हाळ्यात वर्षभराचे पापड, कुरडया, सांडगे घालताना मीठ निम्म्यानं कमी करा. भाजीतलं मीठ एकदम न घटवता दर आठवड्याला थोडं घटवा, तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते.

१३. खर्रा खाल्ल्यानं बीपी वाढतो? धूर तर आत जात नाही.

निकोटीन गालातूनच रक्तात जातं. काही मिनिटांत नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. दिवसभर दर तासाला खर्रा तोंडात असेल तर बीपी दिवसभर चढलेलाच राहतो, आणि सकाळी खर्रा खाण्याआधी दवाखान्यात मोजला की चांगला दिसतो. विदर्भातल्या पुरुषांचा बीपी कागदावर बरा आणि प्रत्यक्षात वाईट असण्याचं हे एक ठळक कारण आहे. तोंडाचा कॅन्सर वेगळाच.

सोडताना पहिले तीन-चार दिवस चिडचिड, झोप न येणं, डोकं दुखणं होतं. ते सरतं. डॉक्टरांशी बोलून निकोटीनच्या च्युइंगमचा आधार घेता येतो. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो.

१४. गोळी एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही म्हणतात. म्हणून सुरूच करायची नाही असं ठरवलं तर?

गोळीची सवय लागत नाही. आजार लांबचा आहे म्हणून गोळी लांबची आहे. गोळी घेतल्यावर १२४ आला तो गोळीमुळे आला, बंद केली की काही दिवस-आठवड्यांत पुन्हा चढतो. दहा किलो वजन उतरवलं, खर्रा आणि दारू सोडली, मीठ घटवलं, तर काहींचा डोस कमी होतो, थोड्यांची गोळी सुटतेही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घरचे आकडे बघत. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल किंवा क्लोनिडिन मात्र कधीही एकदम बंद करू नका: बीपी आणि नाडी उसळतात, आणि हृदयाला रक्त कमी पोचणाऱ्यांना झटकाही येऊ शकतो.

१५. वजन आणि चालण्यानं नेमका किती उतरतो?

ढोबळमानानं एक किलो वजनामागे वरचा आकडा १ नं. अंबाझरी किंवा फुटाळ्यावर आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं चाललात तर आणखी पाचच्या आसपास. मिठानं पाच-सहा. सगळं मिळून एका गोळीइतका परिणाम होतो, आणि १४५ वाल्याला तो पुरू शकतो. १७० वाल्यानं गोळी सुरू करून चालावं.

१६. मला एकदम दोन औषधांची गोळी दिली. एक पुरली नसती का?

बहुतेकांना नाही पुरत. एकाच औषधाचा डोस दुप्पट केला तर बीपी थोडाच जास्त उतरतो आणि त्रास वाढतो. दोन वेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं कमी डोसमध्ये दिली तर बीपी जास्त उतरतो. नेहमीची औषधं तीन गटांतली आहेत: रक्तवाहिन्या सैल करणारं ॲम्लोडिपिन (२.५ ते १० मिग्रॅ), टेल्मिसार्टनसारखी 'सार्टन' (टेल्मिसार्टन ४० किंवा ८० मिग्रॅ) किंवा एनालाप्रिल-रॅमिप्रिल, आणि क्लोरथॅलिडोन (६.२५ ते १२.५ मिग्रॅपासून) किंवा इंडापामाइडसारखी पाण्याची गोळी. 'सार्टन' आणि 'प्रिल' दोन्ही एकत्र देत नाहीत. चिठ्ठीवर दोन्ही दिसली तर विचारा. मेटोप्रोलोलसारखी औषधं हृदयविकार किंवा जलद नाडी असेल तेव्हा.

'सार्टन', 'प्रिल' किंवा पाण्याची गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम पुन्हा तपासा. ही फेरतपासणी फार जणांची राहते.

बीपी बहुतेकांचा १४०/९० च्या खाली आणायचाच, आणि झेपत असेल तर १३०/८० च्या खाली. मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर हा दुसरा आकडाच लक्ष्य.

१७. गोळीनं पाय सुजून राहिले आहेत. कोरडा खोकलाही आहे.

घोट्याजवळ संध्याकाळी येणारी सूज बहुधा ॲम्लोडिपिनची. १० मिग्रॅवर ती जास्त दिसते, उन्हाळ्यात आणखी. ही सूज पाणी साठल्याची नसते, म्हणून पाण्याच्या गोळीनं नीट उतरत नाही. डोस निम्मा करून टेल्मिसार्टन जोडलं की बहुतेकांची कमी होते. एकाच पायाला दुखरी सूज, किंवा सुजेसोबत धाप असेल तर कारण वेगळं आहे, थांबू नका. कोरडा खोकला एनालाप्रिल-रॅमिप्रिलचा असतो. 'सार्टन' गटातली गोळी दिली की तो काही आठवड्यांत जातो. कफ सिरपवर पैसे घालवू नका. ओठ किंवा जीभ सुजली तर ती गोळी त्याच क्षणी बंद आणि सरळ दवाखाना.

१८. गोळी सकाळी की रात्री? आणि विसरली तर?

तुमच्या लक्षात राहील तेव्हा, पण रोज त्याच वेळी. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टाइम' अभ्यासात सकाळ-रात्र असा फरक दिसला नाही. पाण्याची गोळी सकाळी बरी, नाहीतर रात्री लघवीला उठावं लागतं. विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसरा दिवस उजाडला तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. रक्त तपासणीला उपाशी जायचं असलं तरी बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची असते. बीपी दाखवायला जाताना तर नक्कीच, नाहीतर डॉक्टरांना गोळीविना असलेला बीपी दिसतो.

१९. मे महिन्यात चक्कर येते आणि बीपी १०० पर्यंत उतरतो. गोळी बंद करू का?

उष्णतेनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, घामावाटे पाणी-मीठ जातं, आणि ४५ अंशांच्या नवतप्यात बीपी सगळ्यांचाच थोडा उतरतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तो पुन्हा चढतो. म्हणून नागपुरात वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि नोव्हेंबरात, आठवडाभराची नोंद घेऊन डॉक्टरांना दाखवावी. उन्हाळ्यात डोस कमी करावा लागणारे बरेच असतात, पाण्याची गोळी घेणारे जास्त.

बसून मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल, अथवा वारंवार १०० च्या आसपास येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उलटी-जुलाब होत असतील आणि पोटात काही टिकत नसेल तर पाण्याची गोळी आणि 'सार्टन' किंवा 'प्रिल' एक-दोन दिवस थांबवायला डॉक्टर सांगतात. ते आधीच विचारून ठेवा. म्हातारी माणसं उन्हाळ्यात अचानक असंबद्ध बोलू लागली किंवा सुस्त झाली तर सोडियम तपासा, क्लोरथॅलिडोननं ते घसरतं.

पाणी प्या, ताक आणि पन्हं कमी मिठाचं घ्या. ओआरएस जुलाबासाठी किंवा ऊन लागल्यावर. रोज शौक म्हणून पिऊ नका, लिटरमध्ये मिठाचा चांगलाच साठा असतो. हृदय किंवा किडनीमुळे पाण्यावर बंधन असेल तर उन्हाळ्याचा हिशेब डॉक्टरांकडूनच घ्या.

२०. दर महिन्याची औषधं परवडत नाहीत. कुठे मिळतील?

महापालिकेची नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं, 'आपला दवाखाना' आणि ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रं इथे बीपी-शुगरची तपासणी होते आणि नेहमीच्या गोळ्या मोफत दिल्या जातात. अवघड केस तिथून मेडिकल, मेयो (दोन्ही सरकारी रुग्णालयं) किंवा मिहानच्या एम्सकडे पाठवता येते. विकत घ्यायचं तर जनऔषधी केंद्रात ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन फार स्वस्त आहेत, आणि गुण तोच. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे भंडारा आणि वर्धा होते. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, महिनाभराचा पुरवठा आणि न आलेल्या रुग्णाला फोन, एवढ्या साध्या गोष्टींवर तो उभा आहे. महागड्या गोळीची गरज फार थोड्यांना असते.

२१. अचानक १९०/११० आला. जिभेखाली गोळी ठेवू का?

नको. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे: बीपी एकदम कोसळतो आणि मेंदू-हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. आजची गोळी चुकली असेल तर घ्या. लक्षणं नसतील तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.

छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, झटके किंवा गुंगी, यांपैकी काहीही असेल तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन करून चोवीस तास सीटी स्कॅन चालू असणाऱ्या दवाखान्यात जा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. लकव्याच्या रुग्णाचा बीपी घरी उतरवायचा प्रयत्न करू नका.

२२. तीन गोळ्या चालू आहेत, तरी १५० च्या वरच.

आधी हे तपासा: गोळ्या खरंच रोज जातात का, कफ बरोबर मापाचा आहे का (प्रश्न ५), घरचा बीपी किती (प्रश्न ७), दुखण्याच्या गोळ्या (प्रश्न ११), मीठ, दारू. पुष्कळ 'न उतरणारे' बीपी इथेच उतरतात. तरीही, पाण्याच्या गोळीसह तीन औषधं पूर्ण डोसमध्ये असताना वरच असेल, तर घोरणं, किडनी आणि अल्डोस्टेरॉन-रेनिन यांची तपासणी करायची. चौथं औषध बहुधा स्पायरोनोलॅक्टोन १२.५ ते २५ मिग्रॅ असतं, ते सुरू केल्यावर पोटॅशियम तपासावंच लागतं. त्यानं पुरुषांच्या छातीत दुखरी गाठ आली तर लाजू नका, सांगा. पर्याय आहे.

२३. सर्पगंधा, लसूण घेतलं तर गोळी कमी होईल?

सर्पगंधा खरोखर बीपी उतरवते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण तिच्यातल्या रेसरपिननं मन खिन्न होतं, नाडी मंदावते, आणि पुडीत ते किती आहे याचा भरवसा नसतो. चालू गोळीवर ती जोडली तर बीपी नको इतका पडू शकतो. लसणाचा परिणाम थोडा आहे, जेवणात खुशाल खा. वैद्यांकडून काही घेत असाल तर डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही सगळी यादी दाखवा.

२४. बीपीच्या गोळीसोबत संत्री चालत नाहीत असं वाचलं.

ते ग्रेपफ्रूटबद्दल आहे. त्यानं आतड्यातलं एक विकर अडतं आणि काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आपल्या नागपुरी संत्र्याचा तसा परिणाम नाही, एक-दोन फळं रोज खा. पपनस आणि महाळुंगासारखी फळं रोज खात असाल तर विचारून घ्या. किडनीच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल तर संत्री, केळी, नारळपाणी सगळ्यांचाच हिशेब ठेवावा लागतो.

२५. बीपीची गोळी चालू आहे आणि दिवस राहिले. आता?

टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला इजा होते. मूल हवं असेल तेव्हा आधीच डॉक्टरांना सांगा. कळल्यावर वाट न बघता त्याच दिवशी गाठा आणि गोळी बदलून घ्या, नुसती बंद करून बसू नका. लॅबेटॅलॉल, निफेडिपिनची हळूहळू विरघळणारी गोळी आणि मिथाइलडोपा चालतात. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० आला, तर लघवीतलं प्रोटीन आणि रक्त तपासतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे, पोटात बरगडीखाली दुखणं किंवा १६०/११० ही भरती होण्याची वेळ आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढतो, नेमका घरी सोडल्यावर. म्हणून त्या आठवड्यात घरी मोजत राहा.

२६. बाबा ८४ वर्षांचे आहेत. बीपी किती ठेवायचा?

चालते-फिरते असतील तर १४० च्या खाली, हळूहळू आणत. अशक्त असतील, पडत असतील, तर उभं राहिल्यावरचा बीपी (प्रश्न १९) बघूनच डोस ठरतो. खुब्याचं हाड मोडलं तर १४५ च्या जागी १२५ आणल्याचा काही उपयोग राहत नाही. प्रोस्टेटसाठी रात्री घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही बीपी पडतो. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवा.

२७. सिकलसेल आहे आणि बीपी १३४/८४. सगळे म्हणतात चांगला आहे.

विदर्भात हा प्रश्न वारंवार येतो. सिकलसेलचा आजार असलेल्यांचा बीपी (नुसते वाहक नव्हेत) सर्वसाधारणपणे इतरांपेक्षा कमी असतो. म्हणून त्यांच्यात १३०/८० च्या वरचा आकडा गांभीर्यानं घ्यायचा. किडनीही लवकर बिघडते, तेव्हा लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी तपासा. ते सापडलं तर 'प्रिल' किंवा 'सार्टन' उपयोगी पडतं. पाण्याची गोळी जपून, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी वाकतात आणि दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्या झटक्यासाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅकचा किडनीवर आणि बीपीवर काय परिणाम होतो, तो प्रश्न ११ मध्ये आहे. बीपी बघणारे आणि सिकलसेल बघणारे डॉक्टर वेगळे असतील तर सिकलसेलचं कार्ड आणि बीपीची वही दोन्हीकडे सोबत न्या.